पावलोवच्या कुत्र्याआधीचा बेडूक

डी.एड., बी.एड. केलेल्या कुठल्याही मराठी शिक्षकाला पावलोवचा कुत्रा भेटलेला असतो. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अभिजात अभिसंधान’ या मथळ्याखाली त्याची आकृती असते: पट्ट्यांनी बांधलेला कुत्रा, गालातून बाहेर काढलेली नळी, शेजारी घंटा आणि पुढ्यात अन्न. घंटा आणि अन्न पुन्हा पुन्हा जोडीनं आले की पुढे नुसत्या घंटेनंही लाळ सुटते, शिकणं म्हणजे अशी जोडणी, आणि धडा तिथे संपतो. धडा खोटा नाही. पण या कुत्र्याचं कूळ शोधत मागे गेलं की एक बेडूक लागतो, १८६२ सालातला, पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत टांगलेला. त्या बेडकानं जे दाखवलं त्याचा जोडणीशी संबंध नव्हता. मेंदू शरीराला आवरतो, हे त्यानं दाखवलं. मेंदू आणि शिकणं यांच्या संशोधनात मूळ पुरुषाचा मान मी या बेडकाला देईन. पाठ्यपुस्तकांनी त्याला वगळलं आणि त्याच्याबरोबर पावलोवचं निम्मं कामही आपल्यापर्यंत पोचायचं राहून गेलं.

बेडकाच्याही आधीची थोडी वंशावळ सांगायला हवी. विस्तवाला लागलेला पाय विचार करण्याआधीच मागे येतो, हे माणसाला कायमच माहीत होतं. ते यंत्राच्या भाषेत मांडायचा पहिला मोठा प्रयत्न देकार्तचा. त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ‘माणूस’ या ग्रंथाच्या १६६४च्या फ्रेंच आवृत्तीत एक प्रसिद्ध चित्र आहे. विस्तवाजवळ एक मुलगा बसला आहे आणि त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत एक बारीक दोरा गेलेला आहे. आच लागली की दोरा ताणला जातो, मेंदूतलं एक छिद्र उघडतं, तिथून एक सूक्ष्म द्रव स्नायूंत वाहत येतो आणि पाय मागे खेचला जातो, असं देकार्तचं म्हणणं. यातला दोराही चुकीचा आणि द्रवही चुकीचा. तरी बाहेरचं कारण आत शिरून, मधे कुणाच्या इच्छेची वाट न पाहता, हालचाल होऊन बाहेर पडतं ही कल्पना टिकली.

पुढच्या शतकात एडिंबऱ्याच्या रॉबर्ट व्हिट या वैद्यानं तिला प्रयोगाचा आधार दिला. १७५१ सालच्या त्याच्या निबंधात अनैच्छिक हालचालींचा बारकाईनं विचार आहे. डोकं छाटलेल्या बेडकाचा पाय चिमटला तर तो पाय आखडतो, पण पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू नष्ट केला की हे थांबतं, हे त्यानं दाखवलं. त्यानं आणखी एक साधी गोष्ट नोंदवून ठेवली होती. भुकेल्या माणसाला अन्न नुसतं दिसलं किंवा आठवलं तरी लाळ सुटते. चिंचेचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. ते शास्त्रीय निबंधात लिहून ठेवावं असं व्हिटला वाटलं, यात त्याची नजर दिसते. त्या एका नोंदीतून काय निघू शकतं हे कळायला मात्र दीडशे वर्षं जावी लागली.

१८२२ साली माजांदीनं पॅरिसमध्ये दाखवलं की मेरुरज्जूच्या मागच्या मुळांतून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळांतून हालचालीचा हुकूम बाहेर जातो. आत येण्याची वाट वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी. मग १८३३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मार्शल हॉलनं मेरुरज्जूच्या ‘प्रतिक्षिप्त’ कार्यावर निबंध वाचला आणि हा शब्द शरीरशास्त्रात पक्का झाला.

हॉलच्या मांडणीत एक वाटणी होती आणि ती सगळ्यांच्या सोयीची होती. मेरुरज्जू यंत्रासारखा चालतो, तो शरीरशास्त्रज्ञांनी घ्यावा. मेंदू इच्छेचं आणि विचाराचं ठिकाण, तो तत्त्वज्ञांसाठी आणि धर्मोपदेशकांसाठी राखून ठेवावा. १८४०च्या दशकात टॉमस लेकॉकसारखे एखाददुसरे वैद्य म्हणत होते की मेंदू हा मेरुरज्जूचाच वर वाढलेला भाग आहे, तेव्हा त्यालाही तेच नियम लागू व्हायला हवेत. पण असं म्हणणं वेगळं आणि मेंदूत हात घालून दाखवणं वेगळं.

ते काम इव्हान सेचेनोव यानं केलं. १८२९ साली रशियाच्या सिंबिर्स्क प्रांतातल्या एका खेड्यात, छोट्या जमीनदार घरात त्याचा जन्म झाला. आधी लष्करी अभियांत्रिकीचं शिक्षण आणि कीव्हला सैन्यात नोकरी, मग ती सोडून मॉस्कोत वैद्यक. १८५६ साली पदवी घेतल्यावर तो जर्मन प्रयोगशाळांत शिकायला गेला. हेल्महोल्ट्झ, द्यु बॉआ-रेमाँ, कार्ल लुडविग हे त्याचे गुरू, म्हणजे जिवंत शरीराला भौतिक आणि रसायनशास्त्राचेच नियम लागू होतात यावर ठाम असलेली पिढी. सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाल्यावर रजा घेऊन तो पॅरिसला क्लोद बर्नार्डच्या प्रयोगशाळेत आला.

त्याच्या डोक्यात प्रश्न होता तो असा. मेंदू जर प्रतिक्षिप्त क्रियांचंच यंत्र असेल, तर आपण इतकं शांत कसे बसतो? बाहेरून दर क्षणाला शेकडो गोष्टी अंगावर आदळत असतात, तरी आपले हातपाय प्रत्येकीला उत्तर देत नाहीत. तेव्हा कुठेतरी काहीतरी अडवत असलं पाहिजे. असं अडवणं शरीरात घडू शकतं याचा एक पुरावा हाताशी होता. १८४५ साली वेबर बंधूंनी मेंदूपासून हृदयाकडे जाणारी व्हेगस ही चेता विजेनं उद्दीपित केली, तर हृदय वेगानं धडधडायच्या ऐवजी थांबलं. चेता उद्दीपित केली की काम सुरू होतं, एवढंच तोवर माहीत होतं. काम थांबवणारीही चेता असते हे त्या काळच्या वैद्यांना धक्का देणारं होतं.

सेचेनोवचा प्रयोग आजही कुणालाही समजेल इतका साधा आहे. बेडकाच्या मेंदूवर चढत्या पायरीनं छेद घ्यायचे, म्हणजे वरचा भाग सुटा होतो आणि खालचा उघडा पडतो. मग बेडकाला टांगायचं आणि त्याचा मागचा पाय गंधकाम्लाच्या अगदी पातळ द्रावणात बुडवायचा. शेजारी मेट्रोनोम टिकटिक करत असतो. पाय आम्लातून वर उचलेपर्यंत किती ठोके पडतात ते मोजायचं. आम्ल झोंबतं आणि थोड्या ठोक्यांनी पाय वर येतो. आता मेंदूच्या उघड्या छेदावर, थॅलॅमसच्या पातळीला, मिठाचा एक खडा ठेवायचा. पुन्हा पाय बुडवायचा. ठोके पडत जातात आणि पाय उठत नाही. उठला तरी फार उशिरा उठतो. मग मीठ पाण्यानं धुऊन काढायचं, की पाय पुन्हा पहिल्यासारखा पटकन वर येतो. तेच मीठ मेरुरज्जूच्या कापलेल्या टोकावर ठेवलं तर असा आवर बसत नाही. म्हणजे मेंदूच्या मधल्या भागात असं काहीतरी आहे जे चेतवलं असता खालची प्रतिक्षिप्त क्रिया दाबून धरतं. शास्त्राच्या परिभाषेत याला निरोधन म्हणतात.

या प्रयोगावर लगेच वाद झाला. रशियन लेखक हर्त्झेन यांचा मुलगा अलेक्झांडर फ्लॉरेन्समध्ये शिफच्या प्रयोगशाळेत होता. त्यानं मेंदूत अशी खास ‘आवरणारी केंद्रं’ आहेत हे मान्य केलं नाही. कुठलीही तीव्र वेदना दुसरी क्रिया दाबते, असं त्याचं म्हणणं. तपशिलात हर्त्झेनचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, सेचेनोवला वाटली तशी एकाच ठिकाणची केंद्रं पुढे सापडली नाहीत. पण मेंदूतून खाली येणारा आवर खरा होता.

मायदेशी परतून १८६३ साली सेचेनोवनं एक दीर्घ लेख लिहिला. मानसिक व्यापारांना शरीरशास्त्राचा पाया देण्याचा प्रयत्न, अशा अर्थाचं त्याचं मूळ शीर्षक होतं आणि तो नेक्रासोवच्या ‘सोव्रेमेन्निक’ या मासिकात यायचा होता. झारच्या सरकारची त्या मासिकावर आधीच वक्रदृष्टी होती. सेन्सॉरनं लेख अडवला आणि तो एका वैद्यकीय साप्ताहिकात, शीर्षक बदलून छापायला लावला. त्या बदललेल्या शीर्षकानंच तो जगभर गेला: ‘मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया’. १८६६ साली पुस्तक निघालं तेव्हा प्रती जप्त झाल्या आणि लेखकावर खटला भरायची तयारी झाली. समाजाची नीती बिघडवणारं पुस्तक, असा आरोप होता. कोर्टात साक्षीला मी एक बेडूक घेऊन जाईन, असं सेचेनोव मित्रांना म्हणाल्याचं सांगतात. वर्षभरानं प्रकरण मागे घेतलं गेलं आणि पुस्तक बाजारात आलं.

सरकार घाबरलं कशाला, हे पुस्तकाचा गाभा पाहिला की समजतं. सेचेनोव म्हणतो, मेंदूच्या कामाची बाहेर दिसणारी प्रत्येक खूण शेवटी स्नायूंची हालचाल असते. मुलाचं हसू असो की न्यूटनच्या हातानं कागदावर उतरलेला नियम असो. प्रत्येक हालचालीची सुरुवात बाहेरून आलेल्या एखाद्या संवेदनेत असते. मग विचाराचं काय? विचार करताना तर माणूस हलत नाही. इथे पॅरिसचा बेडूक कामाला येतो. विचार म्हणजे शेवटचा भाग आवरून धरलेली प्रतिक्षिप्त क्रिया, असं सेचेनोव सांगतो. संवेदना आली, मेंदूत तिचं काम झालं, पण हालचाल बाहेर पडू दिली नाही. लहान मूल मनात येईल ते बोलतं आणि दिसेल त्याला हात घालतं. मोठं होता होता ते बोलण्याचा आणि हाताचा टप्पा गिळायला शिकतं, आणि त्या गिळण्यातूनच मनातल्या मनात विचार करणं उपजतं. म्हणजे शिकणं दोन अंगांनी चालतं: संवेदनांच्या पुनरावृत्तीनं नवी जोडणी तयार होते, आणि त्याच वेळी आवरही शिकला जातो. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते. ती मांडताना सेचेनोवच्या हाती पुरावा फार थोडा होता. उरलेली सारी झेप तर्काची होती.

पॅरिसच्या प्रयोगाच्याच वर्षी, १८६२ साली, तुर्गेनेव्हची ‘वडील आणि मुलगे’ ही कादंबरी आली होती. तिचा नायक बझारोव बेडूक कापतो. नव्या पिढीला शरीरशास्त्राचं किती वेड होतं याची ही खूण. पुढच्या वर्षीच्या चेर्निशेव्स्कीच्या ‘काय करावं?’ या कादंबरीतलं एक पात्र सेचेनोववरूनच घेतलं असल्याचं मानलं जातं. सेचेनोवनं स्त्रियांना प्रयोगशाळेत घेतलं, त्या काळी रशियन विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती. त्याची विद्यार्थिनी नादेझ्दा सुस्लोवा १८६७ साली झुरिचहून वैद्यकाची डॉक्टरेट मिळवणारी पहिली रशियन स्त्री झाली. या साऱ्यामुळे त्याचं छोटं पुस्तक मॉस्को, पीटर्सबर्गच्या बाहेर, जिल्ह्याच्या गावांतही वाचलं जात होतं.

रियाझान हे तसंच एक गाव. तिथल्या सेमिनरीत एका पाद्र्याचा मुलगा शिकत होता, वडिलांसारखा पाद्री होण्यासाठी. त्यानं सेचेनोव वाचला आणि १८७० साली सेमिनरी सोडून पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान घेतलं. हा इव्हान पावलोव. पुढे १९२३ साली आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानं लिहिलं की तरुणपणी वाचलेल्या या पुस्तकाचा ठसा, त्याच्याही नकळत, त्याच्या सगळ्या कामावर पडला होता.

पण वाचल्यापासून तीस वर्षं पावलोवनं मेंदूला हात लावला नाही. त्याचा विषय पचन. १८९१ सालापासून तो पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरशास्त्र विभागाचा प्रमुख होता आणि त्याचा हात शस्त्रक्रियेत अतिशय कुशल होता. कुत्र्याला मारून पाहण्याऐवजी तो त्याच्या पोटाचा छोटा कप्पा वेगळा करून त्याचं तोंड बाहेर काढी, जखम भरू देई आणि मग महिनोन्‌महिने निरोगी कुत्र्याचं पचन बघे. काही कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर काढलेली असे, खाल्लेलं खाली पडे, पोटात काहीच जात नसे, तरी शुद्ध जठररस भरपूर गळे. हा रस अपचनावर औषध म्हणून हजारो बाटल्यांनी विकला जाई आणि त्यातून प्रयोगशाळेला पैसा मिळे. या कामाबद्दल १९०४ साली पावलोवला नोबेल मिळालं, रशियाला मिळालेलं पहिलं.

लाळ ही त्या मोठ्या कामातली एक फांदी. लाळग्रंथीची नळी गालातून बाहेर काढली की थेंब थेंब मोजता येतो. वुल्फसन या डॉक्टरनं प्रबंधासाठी हे काम घेतलं. त्याला दिसलं की लाळ आंधळेपणानं सुटत नाही. कोरड्या पावाच्या भुग्याला भरपूर लाळ येते, ओल्या मांसाला कमी. तोंडात वाळू घातली की धुऊन काढण्यापुरती पाण्यासारखी लाळ वाहते, गोटे घातले तर जवळजवळ नाहीच, कारण ते तसेच थुंकता येतात. इथवर ठीक. पण वाळू किंवा पाव नुसता दाखवला तरीही ज्याची त्याची लाळ सुटायची, थोडी कमी एवढंच. व्हिटची ती जुनी नोंद पुन्हा समोर उभी राहिली, यावेळी थेंबांच्या आकड्यांसह.

याला काय म्हणायचं? प्रयोगशाळेत तोवर याला ‘मानसिक स्राव’ म्हणत. स्नार्स्की नावाच्या सहकाऱ्यानं १९०१च्या प्रबंधात कुत्र्याच्या मनात शिरून अर्थ लावला: त्याला आठवतं, त्याला हवंसं वाटतं. पावलोवला हे पटलं नाही. कुत्र्याच्या इच्छेचं माप घेता येत नाही, लाळेचं घेता येतं. पुढे प्रयोगशाळेत ‘कुत्र्याला वाटलं’, ‘त्यानं ओळखलं’ असं बोलणाऱ्याला दंड ठेवला होता. तोलोचिनोव या दुसऱ्या सहकाऱ्यानं लांबूनचा स्राव ही प्रतिक्षिप्त क्रियाच आहे असं धरून प्रयोग केले आणि १९०२ साली हेलसिंकीच्या परिषदेत ते मांडले. १९०३च्या एप्रिलमध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत पावलोवनं स्वतः हा विषय जगापुढे ठेवला. सेचेनोवची झेप आता थेंबांनी मोजली जात होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पाठ्यपुस्तकातली घंटा पावलोवच्या प्रयोगांत क्वचितच वाजली. त्याला मेट्रोनोम, शिट्ट्या, दिवे, कातडीवरचा स्पर्श यांसारखे मोजून मापून देता येणारे संकेत हवे असत. घंटेचा मान खरं तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडविन ट्विटमायर या तरुणाचा आहे. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, त्या क्रियेवर तो प्रबंध करत होता. हातोडी पडण्याआधी अर्धा सेकंद एक घंटा वाजायची. एकदा घंटा वाजली, हातोडी पडली नाही, आणि तरी समोरच्या माणसाचा पाय उडाला. १९०२ साली त्यानं हे लिहिलं, १९०४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या सभेत वाचलं. कुणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. ट्विटमायरनं विषय सोडून दिला. त्याच्याकडे जोडणी होती, पण तिच्यामागे सेचेनोवचं पुस्तक नव्हतं आणि पुढे तीस वर्षं राबणारी प्रयोगशाळाही नव्हती.

पावलोवच्या प्रयोगशाळेत जे खरं नवं निघालं ते जोडणीच्या पुढचं. मेट्रोनोम म्हणजे अन्न, हे कुत्रा शिकला. आता मेट्रोनोम वाजवत राहायचं आणि अन्न द्यायचंच नाही. लाळ दर वेळी घटत जाते आणि शेवटी कोरडं पडतं. याला विलोपन म्हणतात. पाहणारा म्हणेल, कुत्रा विसरला, जोडणी पुसली गेली. पण कुत्र्याला काही वेळ विश्रांती देऊन पुन्हा मेट्रोनोम लावला की लाळ परत येते, मधे काहीही न शिकवता. पुसलेलं असतं तर कुठून आलं? आणखी एक खूण याहून पक्की. लाळ पूर्ण थांबलेली असताना मेट्रोनोमबरोबर एखादा अनोळखी आवाज झाला, दार आपटलं, कुणी आत आलं, की त्याच क्षणी लाळ वाहू लागते. आवाज लाळेचा संकेत नव्हता, त्यानं फक्त आवर उडवला. उशिराच्या संकेतातही हेच दिसे. संकेत सुरू झाल्यावर तीन मिनिटांनी अन्न येतं हे कुत्र्याला ठाऊक झालं की पहिल्या मिनिटात तोंड कोरडं राहतं आणि लाळ शेवटीच सुटते. त्या कोरड्या मिनिटात खोलीत काही खुडबुडलं तर लगेच लाळ! म्हणजे कोरडेपणाच्या त्या मिनिटात कुत्रा काहीच करत नव्हता असं नाही, तो थांबवत होता. पॅरिसच्या बेडकावर मिठाचा खडा होता, इथे तो खडा अनुभवानं ठेवला.

म्हणूनच पावलोवला शांतता हवी होती. १९१० सालापासून मॉस्कोच्या लेदेन्त्सोव सोसायटीच्या पैशातून त्यानं खास इमारत उभारली. जाड भिंती, बंद खोल्या, प्रयोग करणारा कुत्र्यापासून वेगळ्या खोलीत. तिला ‘मौनाचा मनोरा’ म्हणत. एरवी पावलांचा आवाजही कुत्र्याचा आवर मोडायला पुरेसा होता.

आवर किती ताणता येतो, हे १९१४ साली नातालिया शेंगेर-क्रेस्तोव्निकोवा हिच्या प्रयोगात दिसलं. पडद्यावर वर्तुळ दिसलं की अन्न, लंबवर्तुळ दिसलं की नाही. कुत्र्यानं हे सहज साधलं. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाजवळ आणत नेलं, दोन अक्षांचं प्रमाण ९ ला ८ होईपर्यंत. तिथे कुत्र्याला फरक कळेना. तीन आठवडे प्रयत्न झाले, जमायचं सोडून बिघडतच गेलं. तोवर शांत असलेला तो कुत्रा चौकटीत विव्हळू लागला, अंगावरची साधनं दातांनी तोडू लागला, आणि सुरुवातीचा सोपा फरकही त्याला करता येईना. पावलोवनं याला प्रायोगिक मनोविकार म्हटलं आणि इथून त्याचं लक्ष वेडाच्या दवाखान्यांकडे वळलं. त्या कुत्र्याबद्दल वाचताना मला आजही त्रास होतो. ज्ञान मिळालं हे खरं, आणि ते त्या जिवाच्या हालांतून मिळालं हेही तितकंच खरं. १९३५ साली संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक उभारलं गेलं, ते पावलोवलाही हे ठाऊक होतं म्हणूनच.

मधली वर्षं क्रांतीची आणि दुष्काळाची. कुत्री उपाशी मेली, माणसंही. १९२१च्या जानेवारीत लेनिनच्या सहीनं हुकूम निघाला आणि पावलोवच्या कामाला आणि कुटुंबाला खास शिधा मिळाला. सप्टेंबर १९२४मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा पूर आला. पिंजऱ्यांत पाणी चढत गेलं आणि कुत्री नाक वर धरून तरंगत राहिली. अगदी शेवटी त्यांना पोहत पोहत प्रयोगशाळेत आणलं गेलं. काही कुत्री पुढे शिकलेलं सारं हरवून बसली. एकाचं हळूहळू परत आलं. मग त्या खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडून पाहिलं. फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळं जमलं, एवढ्यानं त्याचं सगळं पुन्हा कोसळलं.

१९२७ साली पावलोवची व्याख्यानं इंग्रजीत आली आणि अमेरिकेनं त्यातली जोडणी उचलली. वॉटसनसारख्या वर्तनवाद्यांनी तर त्याआधीच तिच्यावर मानसशास्त्राची नवी शाखा बांधायला घेतली होती. आवर मागे राहिला. तो सांभाळला शेरिंग्टननं, मेरुरज्जूवर काम करणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञानं. १९३२ सालच्या त्याच्या नोबेल व्याख्यानाचा विषयच निरोधन हा होता. एक स्नायू आकुंचन पावताना त्याच्या विरुद्धचा सैल पडावा लागतो, नाहीतर पाऊलही टाकता येणार नाही. या दोन परंपरा एकत्र आणायचं काम पोलंडच्या येझी कोनोर्स्कीनं केलं. तो पावलोवच्या प्रयोगशाळेत राबून गेला होता. १९४८ साली केंब्रिजहून निघालेल्या त्याच्या पुस्तकात शिकण्याचा विचार चेतापेशींमधल्या जोडांच्या भाषेत आहे. दोनच वर्षांनी मॉस्कोत पावलोवच्या नावानं मोठी सभा भरली आणि ऑर्बेली, अनोखिन, बेरिताश्विली अशा मोठ्या शास्त्रज्ञांना पावलोवशी इमान न राखल्याबद्दल जाहीर धारेवर धरलं गेलं. गुरूचं शास्त्र सरकारनं पोथी करून टाकलं. सेचेनोवचं पुस्तक जप्त करणाऱ्या झारपेक्षा यानं शास्त्राचं नुकसान जास्त केलं, असं मला वाटतं.

नेमक्या त्याच सुमारास, १९५१ साली, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये एकल्सनं मांजराच्या मेरुरज्जूतल्या एकेका चेतापेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून विजेचं माप घेतलं. पेशीला थोपवणारा संदेश तिचा विद्युतदाब उलट दिशेला नेतो, हे पडद्यावर दिसलं. आवर हा आता तर्क राहिला नाही.

पुढची पन्नास वर्षं फार दाट आहेत. त्यातल्या दोनच जागी थांबतो. एरिक कँडेलनं समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्या चेतापेशी थोड्या, सुमारे २०,०००, आणि डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. तिला हळूच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. स्पर्श निरुपद्रवी आहे हे पुन्हा पुन्हा कळल्यावर ओढणं कमी होतं. कुठल्या पेशीपासून कुठल्या पेशीकडे जाणारं रसायन घटलं, हे १९७०च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हा सेचेनोवचा आवर नव्हे, इथे वरून कुणी थोपवत नाही, संदेशच मंद होतो. पण शिकण्याची पहिली खूण चेतापेशीच्या जोडावर सापडली ती प्रतिसाद कमी करायला शिकण्यातच. दुसरी जागा स्टॅनफर्डच्या रिचर्ड टॉम्प्सनची. सशाला आवाज ऐकवून लगेच डोळ्यावर हवेची फुंकर मारली की तो आवाजालाच डोळा मिटायला शिकतो. १९८०च्या दशकात टॉम्प्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मेंदूतला एक ठिपका शोधला. तो नष्ट केला की शिकलेलं मिटणं जातं, पण फुंकरीचं उपजत मिटणं शाबूत राहतं. या ठिपक्याला एरवी लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशी दाबून धरतात. त्या फक्त थोपवतात, दुसरं काही करत नाहीत. शिकलेल्या सशात आवाज झाला की त्या नेमक्या वेळी गप्प होतात, आवर सुटतो आणि डोळा मिटतो.

विलोपनाचा प्रश्न २००२ साली पोर्तो रिकोत मिलाद आणि क्वर्क यांनी पुन्हा हाती घेतला. उंदराला आवाजाबरोबर विजेचा झटका बसला की तो आवाजाला थिजून जातो. झटक्याविना आवाज ऐकवत राहिलं की भीती ओसरते. दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांच्या कपाळामागच्या मेंदूत, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका पट्ट्यात, आवाज होताच पेशी जागतात. ज्याच्या पेशी जास्त जागतात तो कमी थिजतो. बाहेरून वीज देऊन त्या जागवल्या तरी थिजणं घटतं. भीतीची आठवण खाली, मेंदूच्या अमिग्डाला या भागात, तशीच असते, वरून तिला धरून ठेवलं जातं.

भीतीवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ याच पायावर काम करतात. कुत्र्याची, लिफ्टची, अपघातानंतर गाडीची भीती बसलेल्या माणसाला तीच गोष्ट सुरक्षितपणे पुन्हा पुन्हा भेटवली जाते. दवाखान्यात बरं वाटलेल्या माणसाला घरी किंवा रस्त्यावर तीच भीती पुन्हा येऊ शकते, कारण आवर दवाखान्याच्या खोलीशी जोडून शिकला गेलेला असतो. म्हणून लिफ्टची भीती असलेल्याला एकाच इमारतीची लिफ्ट चढवून सोडत नाहीत. वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वेळी, सोबत कुणी असताना आणि एकट्यानंही चढायला सांगतात. मधे काही दिवस जाऊ देऊन पुन्हा बोलावतात.